सीजे ३बी जीपच्या कापडी दारांच्या बिजागऱ्या आणि खटके : काय विकत घ्यावं, काय करून घ्यावं

प्रश्न असा आहे. चोपड्याकडच्या एका शेतकरी भाऊंकडे वडिलांच्या वेळची, १९७० च्या दशकातली महिंद्रा सीजे ३बी आहे. इंजिन, गिअर, हुड (कापडी छप्पर) सगळं जागेवर आहे. कापडी दारांपैकी मात्र फक्त डाव्या दाराचा पाइपचा सांगाडा उरलाय. बिजागऱ्या, हँडल, खटके काहीच नाही. बाहेरून मागवलेला तयार सेट बॉडीवर बसला नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे कच्चे रस्ते आहेत आणि पावसाळ्याआधी दारं हवी आहेत. जुने भाग शोधत बसावं की करून घ्यावेत?

भाऊ, कापड, टिच बटणं, टर्न बटणं (फिरवून अडकवायची बटणं), पट्टे, खिडकीचं प्लास्टिक हे सगळं विकत घ्या. बिजागऱ्या आणि खटके मात्र तुमच्याच बॉडीवर माप घेऊन करून घ्या. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत एक बरा टर्नर (लेथवर काम करणारा) आणि एक शांत डोक्याचा वेल्डर मिळाला की काम होतं. अवघड भाग एकच आहे, बिजागऱ्यांची रेषा. ती साधली तर बाकीच्या चुका निभावून जातात. ती चुकली तर कितीही भारी खटका लावा, दार खडखडणारच.

तयार सेट का बसला नाही, ते आधी समजून घ्या. सीजे ३बी विलीजने १९५३ साली आणली. तिच्यातलं इंजिन उंच, म्हणून बोनेट उंच, म्हणून समोरच्या काचेची चौकट आधीच्या जीपपेक्षा बुटकी. दाराचा पुढचा वरचा कोपरा याच ठिकाणी येतो. त्यामुळे दुसऱ्या मॉडेलचं दार खाली बसलं तरी वर फाकतं, नाहीतर वर बसलं की खाली उचललं जातं. त्यात आपल्याकडच्या जीपच्या बॉड्या पन्नास वर्षांत कितीदा तरी कापल्या आणि जोडल्या गेल्यात. डावी आणि उजवी बाजू दहा-बारा मिलिमीटरने वेगळी निघणं अगदी नेहमीचं. म्हणून तुमच्याकडचा डावा सांगाडा उलटा धरून उजवा बनवू नका. तो फक्त आकार समजायला वापरा आणि माप दोन्ही बाजूंचं वेगळं घ्या.

जुने भाग शोधायचेच असतील तर आधी आसपासचे जीपचे जुने मेकॅनिक आणि हुडवाले विचारा. दुकानाच्या माळ्यावर पडलेला एखादा जोड त्यांच्याकडेच सापडतो. दिल्लीचं काश्मिरी गेट जुन्या गाड्यांच्या भागांसाठी आणि हरियाणातलं मंडी डबवाली जीपच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथून मागवताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका. व्हर्निअरने तीन मापं कळवायला सांगा : पिनचा व्यास, पिनची लांबी, आणि पट्टीवरच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर. हँडल आलं की आतल्या बाजूला कानशीने जरासं घासून पाहा. पिवळं निघालं तर पितळ, घ्या. करडं निघालं आणि लोहचुंबक चिकटत नसेल तर ते बहुतेक मझाक, म्हणजे जस्ताचा ओतीव मिश्रधातू आहे. मझाकचं जुनं हँडल आतून तडकलेलं असू शकतं आणि त्याला वेल्डिंग घेता येत नाही. ते फक्त नमुना म्हणून कामाचं.

आता करून घेण्याचं. काम सुरू करण्याआधी हुडाच्या कमानी आणि काचेची चौकट कायमची घट्ट बसवून घ्या. हुड ताणलेलं नसताना घेतलेलं दाराचं माप नंतर खोटं ठरतं. जीप सपाट फरशीवर, चारही टायरमध्ये सारखी हवा, स्टेपनी आणि नेहमीचं सामान जागेवर. दाराच्या जागेत केळीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा धरून आकार कापा, मग तो ५ मिमी प्लायवर उतरवा. बॉडी आणि सांगाडा यांच्यात सगळीकडून ६ ते ८ मिमी फट सोडा. ही फट निष्काळजीपणाची नाही. नाल्यात एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की जीपची बॉडी पिळते आणि दाराच्या चौकटीचा एक कर्ण काही मिलिमीटरने आखूड होतो. फट नसेल तर दार बॉडीत अडकतं आणि सगळा जोर बिजागरीवर जातो. फट नंतर कापडाच्या पदराने झाकली जाते, पाणी त्यानेच थांबतं.

सांगाड्याला सहा सुती म्हणजे १९ मिमी व्यासाचा, १६ गेज (साधारण १.६ मिमी जाडीचा) ईआरडब्ल्यू, म्हणजे लांबीत वेल्डची शिवण असलेला पाइप घ्या. एका दाराला साधारण पाच मीटर लागतो आणि त्याचं वजन साडेतीन किलोच्या आसपास भरतं. चार सुती भरीव सळईसुद्धा लोक वापरतात, पण ती जड होते आणि वाकली की सरळ करायला त्रास देते. १८ गेज पाइप वळणावर चपटा होतो. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाइप घेऊ नका, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो अंगावर येतो आणि टाकाही सच्छिद्र पडतो. वळणं लोखंडी खाट-खुर्च्या करणाऱ्याकडे बेंडरवर काढा आणि त्रिज्या ६० मिमीपेक्षा कमी ठेवू नका. बॉडीच्या वरच्या काठाच्या उंचीला एक आडवा पाइप द्या, खटका त्यालाच बसणार आहे. सगळ्यात खालच्या पाइपला तळाशी ५ मिमीची दोन भोकं पाडायला विसरू नका. पाइपमध्ये साचलेलं पाणी सांगाडा आतून खातं आणि बाहेरून कापड असल्यामुळे ते दिसतही नाही.

बिजागरीवर किती भार येतो ते एकदा मांडून पाहा, म्हणजे माप का महत्त्वाचं ते कळेल. कापडासह दार साधारण सहा किलोचं. त्याचं वजन बिजागरीपासून ४०० मिमीवर आहे असं धरा. दोन बिजागऱ्यांत २५० मिमी अंतर असेल तर प्रत्येकीवर आडवा ओढ साडेनऊ किलोचा. खड्ड्यात तिप्पट धक्का बसला तर एकोणतीस. अंतर १५० मिमी ठेवलं तर तोच धक्का अठ्ठेचाळीस किलोचा होतो. आणि कोणी सत्तर किलोचा माणूस दाराच्या टोकाला धरून चढला, तर २५० मिमी अंतरावरही दोनशे किलोच्या जवळ जातं. म्हणून अंतर जागा मिळेल तितकं जास्त ठेवा, २५० मिमीच्या खाली उतरू नका, आणि चढताना काचेच्या चौकटीजवळची कडी धरायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

बिजागरीची रचना साधी. बॉडीवर वर तोंड केलेली पिन, दाराला बुश (पिनवर बसणारी जाड नळी), आणि दार वरून पिनवर उतरवायचं. उलटं, म्हणजे बॉडीवर बुश आणि दाराला पिन, असंही करतात. पण बॉडीवरच्या बुशात आपली काळी माती आणि पाणी साचतं. पिन बॉडीवर ठेवणंच बरं.

पिनला १२ मिमी ब्राईट बार, म्हणजे गुळगुळीत, नेमक्या मापाची भरीव सळई. दुकानातून घेताना काचेवर लोळवून पाहा, उड्या मारत असेल तर वाकडा आहे. खालच्या बिजागरीची पिन ३५ मिमी ठेवली तर वरची ४५ मिमी ठेवा. वरची आधी अडकते, मग दार थोडं हलवून खालची बसते. दोन्ही सारख्या लांबीच्या ठेवल्या तर पावसात एकट्या माणसाला दार चढवणं जिकिरीचं होतं. पिनच्या टोकाला पाच मिलिमीटर तिरका उतार काढा आणि वरच्या पिनला टोकाजवळ ३ मिमीचं आडवं भोक पाडा. त्यात ट्रॅक्टरच्या दुकानात मिळणारी आर पिन (इंग्रजी R सारखी वळलेली तारेची पिन) बसते. ती नसेल तर सातपुड्यात पालच्या किंवा तोरणमाळच्या रस्त्यावर दार उसळून पिनवरून निघू शकतं.

बुश लेथवर करून घ्या : बाहेरून २२ मिमी, लांबी ३० मिमी, आत नायलॉनची पातळ नळी, तिचं भोक रीमर (भोक नेमक्या मापात आणायचं हत्यार) मारून १२.२ मिमी. नायलॉन नको असेल तर गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू). लोखंडावर लोखंड ठेवलं तर ग्रीस लागतं आणि ग्रीसमध्ये इथली धूळ बसली की तिचा घासायचा मसाला तयार होतो. एका उन्हाळ्यात पिन गळ्याशी बारीक होते. नायलॉनला ग्रीस लावूच नका, कोरडी ग्राफाइट पूड पुरे. पावडर कोटिंग किंवा रंगाला देण्याआधी भोक आणि पिन झाकायला सांगा. कोटिंगचा थर बसला की १२.२ चं भोक १२ च्या आत येतं आणि मग लोक हातोडीने दार बसवतात.

बॉडीवरची पट्टी ४० × ५ मिमी फ्लॅटची (चपट्या लोखंडी पट्टीची). बॉडीचा जुना पत्रा एकटा हा भार घेत नाही, तो बोल्टभोवती बशीसारखा दबतो आणि नंतर फाटतो. आतून ८० × ६० मिमीची, ३ मिमी जाड प्लेट द्या आणि प्रत्येक पट्टीला तीन ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) एम८ बोल्ट, नायलॉक नटसह (आत नायलॉनची कडी असलेला, धक्क्याने सैल न होणारा नट). आधी स्क्रू ड्रायव्हरने पत्रा टोचून पाहा. टोक आत गेलं तर पहिलं काम पत्र्याचं, दाराचं नंतर.

इथे एक गोष्ट हमखास फसवते. जुन्या जीपची मूळ आट्यांची भोकं इंचातली आहेत. अडीच सुती म्हणजे ५/१६ इंच बोल्ट ७.९४ मिमीचा, तर एम८ आठ मिलिमीटरचा. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण आट्यांचं अंतर वेगळं, त्यामुळे एम८ दोन फेरे हाताने जातो आणि मग पाना लावला की आटे कापत जातो. मूळ आटे वापरायचे असतील तर इंचाचाच बोल्ट शोधा. नाहीतर भोक सरळ साडेआठ मिमी करून आरपार बोल्ट आणि नट द्या.

आता त्या रेषेचं. दोन्ही बिजागऱ्यांच्या पिना एकाच सरळ रेषेत हव्यात. नुसत्या एकीखाली एक असून भागत नाही. एक मीटर लांबीचा सरळ १२ मिमी ब्राईट बार घ्या. बॉडीच्या पट्ट्यांना पिन वेल्ड करण्याआधी त्यांत १२ मिमीचं भोक पाडलेलं असू द्या. हा एकच बार दोन्ही पट्ट्यांमधून आणि दाराच्या दोन्ही बुशांमधून ओवा. पट्ट्या सी क्लॅम्पने बॉडीवर धरा. ओळंबा दोन दिशांनी लावा, एकदा जीपच्या समोरून पाहून आणि एकदा बाजूने. बॉडीची कडा स्वतः ओळंब्यात नसते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. गरज पडली तर पट्टीखाली पातळ वॉशर घाला. बाराचं वरचं टोक बाहेर किंवा पुढे झुकलं तर दार आपोआप उघडं पडत राहतं. आत किंवा मागे झुकलं तर आपोआप मिटतं, चढताना पायावर येतं. जरासं आत झुकलेलं चालेल, बाहेर अजिबात नको.

बार ओवलेला असतानाच पट्ट्यांच्या बोल्टची भोकं पाडून बोल्ट घट्ट करा, बुश दाराच्या पाइपला टॅक (वेल्डिंगचे छोटे तात्पुरते टाके) मारा. प्रत्येक बुशाला दोन बाजूंनी दोनच टाके, मग थांबा आणि बार फिरवून पाहा. हाताने सहज फिरला पाहिजे. दार काढून टेबलावर पूर्ण वेल्ड करताना बार पुन्हा दोन्ही बुशांत ओवून ठेवा, एका बुशावर थोडं, मग दुसऱ्यावर थोडं. एका दमात वेल्ड केलं की पाइप टाक्याच्या बाजूला ओढला जातो आणि वरच्या टोकाला पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडतो. नायलॉन नळी अर्थातच वेल्डिंग थंड झाल्यावर घालायची. तोपर्यंत बुशात १२ मिमी भोकाची लोखंडी तात्पुरती नळी ठेवा. शेवटी लांब बार काढून त्या जागी पिना बसवा आणि खालून वेल्ड करा.

खटक्याच्या बाबतीत दोन पर्याय असतात. एक, ढकलला की आपोआप लागणारा स्प्रिंगचा खटका. दुसरा, हँडल फिरवलं की जीभ फिरून बॉडीच्या पट्टीमागे अडकणारा. गावातल्या डांबरी रस्त्यावर पहिला सोयीचा आहे. तुमच्या रस्त्यांसाठी दुसराच करा. बॉडी पिळली की स्प्रिंगच्या खटक्याची पाच-सहा मिलिमीटर जीभ पट्टीवरून सुटते आणि दार चालत्या गाडीत उघडतं. फिरणाऱ्या जिभेला पंधरा मिलिमीटर पकड देता येते, शिवाय ती दाराला आत ओढून घट्ट धरते.

घराच्या दाराच्या हँडलमध्ये येणारा ८ मिमी चौकोनी दांडा हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो, तोच घ्या. त्याचा कर्ण ११.३ मिमी, म्हणून तो ज्या बुशात फिरणार त्याचं भोक ११.५ मिमी ठेवा. हा ४० मिमी लांबीचा बुश मधल्या आडव्या पाइपला टेकवलेल्या ५ मिमी पट्टीत आडवा वेल्ड होतो. जीभ २० × ६ मिमी फ्लॅटची, दांड्याच्या मध्यापासून ४५ मिमी लांब. बाहेरचं हँडल ९० मिमी, आतलं ७० मिमी पुरे. आतलं जास्त लांब ठेवलं तर मांडीचा धक्का लागून उघडतं.

हँडल कोणत्या बाजूला लटकतं हे फार महत्त्वाचं. खटका लागलेला असताना हँडल सरळ खाली लोंबलं पाहिजे आणि जीभ मागे आडवी. उघडायला हँडल मागे उचलायचं, मग जीभ वर जाते. अशी मांडणी असली की हँडलचं स्वतःचं वजनच खटका बंद ठेवतं, धक्क्याने उघडत नाही. उलट मांडणीत प्रत्येक खड्डा हँडलला उघडायला मदत करतो. वर एक हलकी ओढ स्प्रिंग द्या, पण तिला झिंक प्लेटिंगला पाठवू नका. प्लेटिंगमध्ये स्प्रिंगची तार ठिसूळ होऊन नंतर अचानक तुटू शकते. तिला तेलाचा हात पुरे. बाकीच्या लोखंडी भागांना प्लेटिंग जरूर करा.

बॉडीवरची जी पट्टी जिभेला अडवते तिची भोकं लांबट ठेवा, ९ × १८ मिमी. म्हणजे पुढे-मागे सरकवता येते. तिच्या कडेला तीन मिलिमीटरचा उतार काढा, जीभ फिरत गेली की दार आत ओढलं जातं. दार लावून वरचा मागचा कोपरा हाताने बाहेर ओढून पाहा. तो जास्त बाहेर येत असेल तर सांगाड्याचा वरचा भाग ८ ते १० मिमी आत वाकवा. साठच्या वेगाने वारा खिडकीचा भाग बाहेर खेचतो. आधीच आत दाबलेला सांगाडा आणि हुडाच्या कमानीला जाणारं एक टर्न बटण, या दोन्हींशिवाय वरची फट बंद राहत नाही.

दार किती उघडावं यालाही मर्यादा लागते. २५ मिमी नायलॉन पट्टा लावून दार साधारण ७० अंशांवर थांबवा. पट्टा नसेल तर पहिल्याच वादळी वाऱ्यात दार पुढे आपटतं आणि वरची पट्टी वाकते. मग लोक खटक्याला दोष देतात.

हे सगळं कापडाशिवाय आठवडाभर चालवून पाहा. नुसत्या सांगाड्यासह जीप शेतातून, बांधावरून न्या. कुठे घासलं ते रंगावर दिसेल, तिथे दुरुस्ती सोपी आहे. कापड चढल्यावर तीच दुरुस्ती दुप्पट कामाची.

कापडाबद्दल थोडक्यात, कारण चांगला हुडवाला ते जाणतो. त्याला चार गोष्टी सांगा. दोरा पॉलिस्टरचा, सुती नको, सुती दोरा ऊन-पावसात कुजतो. टाका चार मिलिमीटरचा, बारीक टाक्याने रेक्झिन तिकिटासारखं फाटतं. खिडकीचं पारदर्शक पीव्हीसी ०.७५ मिमी. आणि पाइप जिथे या प्लास्टिकला टेकतो तिथे मधे कापडाची पट्टी. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसला जातो, तापलेला पाइप प्लास्टिकवर तपकिरी डाग पाडतो आणि नेमकं तिथूनच ते पुढे चिरतं.

रेक्झिन उन्हात सैल होतं आणि थंडीत आखडतं. मे महिन्यात ताणून शिवलेलं दार डिसेंबरच्या पहाटे बटणापर्यंत पोहोचत नाही. उन्हाळ्यात शिवत असाल तर बटणांच्या रेषेत पाच मिलिमीटर सैल सोडा आणि बॉडीवरची बटणं शेवटी, सकाळी गार वेळेला ठोका. कापडाचे पदर कौलांसारखे, वरचा खालच्यावर आणि पुढचा मागच्यावर. पुढच्या कडेला काचेच्या चौकटीवर किमान ५० मिमी पदर हवा. पाणी आत शिरतं ते बहुतेक याच ठिकाणी, आणि त्यावर रबर चिकटवण्यापेक्षा रुंद पदर जास्त टिकतो.

काढलेली दारं उभी ठेवा किंवा पिनवर टांगा. एकावर एक आडवी रचली की प्लास्टिकवर बटणांचे कायमचे ठसे उठतात. घडी तर घालूच नका. दर पावसाळ्याआधी पिना पुसा, आर पिन जागेवर आहे ना पाहा, आणि बॉडीच्या पट्ट्यांचे सहा-सहा बोल्ट पान्याने तपासा.

कापडी दार हे ऊन, धूळ, पाऊस अडवायला आहे. उलटणाऱ्या गाडीतून माणूस बाहेर फेकला जाण्यापासून ते वाचवत नाही. सीट बेल्ट नसतील तर याच वेल्डरकडून, याच फेरीत, त्यांच्या जागांना आतून जाड प्लेट देऊन ते बसवून घ्या.